एक पत्ता, अनेक बिऱ्हाडं

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. पत्ता एक असतो आणि त्यामागे बिऱ्हाडं डझनभर असतात. बाहेरून येणाऱ्याला दिसतो एकच दिंडी दरवाजा, एकच घरनंबर आणि पाकिटावर शेवटी 'पुणे ३०'. आत चौकात उभं राहून कुणी हाक मारली की ती ऐकू सगळ्यांनाच येते, पण ओ एकच जण देतो. कुणी द्यायची हे प्रत्येकाला आधीच माहीत असतं, त्यासाठी दर वेळी सभा भरवावी लागत नाही.

मंडळी, गेली पंचवीसएक वर्षं मी पोटासाठी जे काम करतो ते थोडक्यात हेच आहे. नात्यातल्या निम्म्या लोकांना मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे एवढंच ठाऊक आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं की मी प्रिंटर दुरुस्त करतो. (करतो, पण ते फुकट.) खरं काम असं, की एका पत्त्यामागे दोन, चार, आठ सर्व्हर उभे करायचे आणि येणारा भार त्यांच्यात असा वाटायचा की बाहेरच्याला आत किती जण आहेत याचा पत्ता लागू नये. या कामातला सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे नेटवर्क कार्ड, ज्याला पुस्तकात नेटवर्क अ‍ॅडॉप्टर म्हणतात. आज लिहायचं आहे ते या कार्डाच्या इतिहासाबद्दल. त्यातला एक मोठा तुकडा आपल्या पुण्यात घडला आणि तो पुणेकरांनाच फारसा माहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात जरा मागून करू.

संगणकाचा इतिहास आपल्याला वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली इतका वेग, तमुक साली त्याच्या हजारपट. पण १९८० च्या दशकात जगापुढे एक वेगळाच प्रश्न उभा होता. प्रचंड मोठं गणित करायचं असेल तर एक अजस्र यंत्र बांधायचं, की पुष्कळ लहान यंत्रं एकत्र जुंपायची? पहिला मार्ग अमेरिकेतल्या क्रे कंपनीचा होता. दुसऱ्या मार्गावर अनेक जण चाचपडत होते, कारण त्यात एक मोठी मेख होती. शंभर माणसं कामाला लावली की काम शंभरपट लवकर होत नाही. त्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं हे जमवण्यातच निम्मा वेळ जातो. लग्नघरात वावरलेल्या कुणालाही हे सांगायला नको.

भारताला क्रे हवा होता. पण हेच यंत्र अण्वस्त्रांच्या गणितालाही चालतं, म्हणून अमेरिकेने हात आखडता घेतला. बऱ्याच वाटाघाटींनंतर दिल्लीत हवामानाच्या अंदाजासाठी एक क्रे एक्स-एमपी/१४ मिळाला, तोही मागितला होता त्यापेक्षा धाकटा आणि वापरावर अटी घालून. या सगळ्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅकची, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्राची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर तिचे पहिले प्रमुख. जागा पुणे विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीत. मुदत तीन वर्षं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना सी-डॅक म्हटलं की देवनागरी टंकलेखन आठवतं, आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी ते ऋण मानायलाच हवं. पण संस्थेचं पहिलं काम ते नव्हतं. पहिलं काम होतं महासंगणक.

एक गोष्ट इथेच नोंदवतो, म्हणजे पुणेरी अभिमान हाताबाहेर जाणार नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत 'फ्लोसॉल्व्हर' हे समांतर यंत्र १९८६ मध्येच उभं राहिलं होतं. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात 'अनुपम' मालिका पुढे आली. तेव्हा 'पहिलं आमचंच' असं म्हणायची सोय नाही. असो.

सी-डॅकने अजस्र एक यंत्राचा मार्ग सोडला आणि पुष्कळ लहानांचा धरला. १९९१ साली 'परम ८०००' जगापुढे आला. त्याच्या पोटात होत्या इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीच्या टी-८०० नावाच्या चिपा, ज्यांना ट्रान्सप्युटर म्हणत. ही चिप फार गमतीची होती. गणित करायच्या मेंदूसोबत तिच्यातच बाहेर बोलायची चार दारं दिलेली होती, प्रत्येक दारातून सेकंदाला दोन कोटी बिट जाऊ शकत. म्हणजे वेगळं नेटवर्क कार्ड नकोच. एका चिपेचं दार दुसरीच्या दाराला जोडायचं, तिचं तिसरीला, आणि अशी जाळी विणत जायचं. ज्यांची दारं थेट जोडलेली नाहीत त्यांचा निरोप मधल्यांनी पुढे पोचवायचा. पुण्यातल्या अभियंत्यांचं खरं कसब या विणण्यात आणि निरोपाचे रस्ते ठरवण्यात होतं. चिप तर पैसे मोजून कुणालाही मिळत होती.

आणि इथेच या इतिहासातलं पहिलं वळण आहे. ट्रान्सप्युटरचा पुढचा अवतार, टी-९०००, वेळेवर आला नाही आणि आला तेव्हा जग पुढे गेलं होतं. इनमॉस कंपनी १९८९ मध्येच दुसऱ्यांच्या हाती गेली होती. ज्या पायावर घर बांधलं तो पायाच बाजारातून नाहीसा व्हायला लागला. सी-डॅकने १९९४ च्या 'परम ९०००' मध्ये स्पार्क प्रोसेसर घेतले, आणि १९९८ चा 'परम १००००' तर सन कंपनीचे बाजारात मिळणारे अल्ट्रास्पार्क सर्व्हर एकत्र जोडून बांधला. सेकंदाला सुमारे शंभर अब्ज आकडेमोडी ही त्याची कमाल ताकद.

पण तयार सर्व्हरला ट्रान्सप्युटरसारखी चार दारं नसतात. असतं एक साधं इथरनेट कार्ड, जे ऑफिसातल्या फाइली इकडून तिकडे न्यायला ठीक आहे. शेकडो प्रोसेसर एकाच गणितावर काम करत असताना, दर क्षणाला एकमेकांचे अर्धवट आकडे मागत असताना, ते पुरत नाही. म्हणून सी-डॅकने स्वतःचं कार्ड आणि स्वतःचा स्विच बनवला. नाव पॅरामनेट. दार गेलं, तेव्हा दार घडवावं लागलं.

या कार्डाचं महत्त्व कळायला साधं कार्ड काय करतं ते बघायला हवं. नेहमीच्या संगणकात निरोप आला की कार्ड प्रोसेसरला थांबवतं. मग ऑपरेटिंग सिस्टिम तो निरोप उचलते, तपासते, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नक्कल करते, आणि शेवटी ज्या प्रोग्रामला तो हवा आहे त्याच्या हातात देते. सरकारी कचेरीतल्या टपालासारखं. आवक-जावक वहीत नोंद झाल्याशिवाय कागद साहेबाच्या टेबलावर जात नाही. महासंगणकाच्या जाळ्यातलं कार्ड ही वही टाळतं. त्याच्यावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि तो निरोप थेट प्रोग्रामच्या स्मृतीत नेऊन ठेवतो. मुख्य प्रोसेसर आपलं गणित करत राहतो. पॅरामनेट-२ हे सेकंदाला अडीच अब्ज बिटांचं जाळं 'परम पद्म'मध्ये वापरलं गेलं. २००३ च्या जूनमध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत 'परम पद्म' १७१ व्या क्रमांकावर होता. त्याचे प्रोसेसर आयबीएमचे होते, पण त्यांना एकमेकांशी बोलायला लावणारं जाळं सी-डॅकचं होतं.

बातमीत काय आलं? क्रमांक आला, वेग आला. जाळ्याबद्दल एखादं वाक्य. हे नेहमीचंच आहे.

आता जरा अमेरिकेत जाऊन येऊ, कारण त्याच काळात तिथे नेमका उलटा प्रयोग चालला होता. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी सोळा साधे ४८६ पीसी घेतले, त्यावर लिनक्स टाकली आणि त्याला 'बेओवुल्फ' नाव दिलं. पैसे कमी होते. जाळं साधं दहा मेगाबिटचं इथरनेट, जे उघडच अपुरं होतं. मग त्यांनी काय केलं, तर प्रत्येक पीसीत एकाऐवजी दोन कार्डं बसवली आणि लिनक्सला शिकवलं की ही दोन कार्डं एकच समज. पहिला निरोप या कार्डातून, दुसरा त्या कार्डातून, पुन्हा पहिल्यातून. यालाच पुढे 'चॅनल बाँडिंग' म्हणायला लागले. लिनक्सवर काम करणाऱ्या कुणाही माणसाने 'बाँड-झीरो' हे नाव पाहिलेलं असतं. ते त्या सोळा पीसींचं देणं आहे. या युक्तीत एक खोटही होती. दोन रस्त्यांनी पाठवलेले निरोप कधीकधी उलट्या क्रमाने पोचत आणि घेणाऱ्याला ते पुन्हा रांगेत लावत बसावं लागे. म्हणून आज बहुतेक ठिकाणी एका संभाषणाचे सगळे निरोप एकाच कार्डातून पाठवतात आणि वाटणी संभाषणांची करतात.

म्हणजे दोन टोकं झाली. पुण्यात कार्डच नवं घडवलं जात होतं, आणि गोडार्डमध्ये बाजारातली स्वस्त कार्डं जोडीने जुंपली जात होती. दोन्हींच्या मुळाशी एकच जाणीव होती, की घोटाळा प्रोसेसरमध्ये नाही, तो दोन प्रोसेसरांच्या मधल्या जागेत आहे.

तिसरा धागा वेबचा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात साइटींवर इतकी माणसं यायला लागली की एक सर्व्हर पुरेना. इथे गणित मोठं नव्हतं, लहान लहान विचारणा लाखोंनी होत्या. चीनमध्ये वेनसाँग झांग यांनी १९९८ मध्ये लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर सुरू केला, ज्यात एक सर्व्हर दारात उभा राहून आलेल्याला 'तुम्ही त्या खोलीत जा' सांगतो. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने व्हॅलेन्स रिसर्च ही कंपनी विकत घेतली. तिच्याकडे 'कॉन्व्हॉय' नावाचं उत्पादन होतं, तेच पुढे विंडोज २००० मध्ये नेटवर्क लोड बॅलन्सिंग म्हणून आलं. माझं अर्धं आयुष्य याच्याबरोबर गेलं, त्यामुळे त्याची गंमत सांगायचा मोह आवरत नाही.

यात दारात कुणी उभं नसतं. अगदी वाड्यासारखं. आलेली प्रत्येक विचारणा सगळ्या सर्व्हरांना एकाच वेळी ऐकू जाते. प्रत्येक सर्व्हर विचारणाऱ्याच्या पत्त्यावरून तेच एक छोटं गणित करतो आणि त्याला कळतं की हे माझं आहे की नाही. ज्याचं आहे तो ओ देतो, बाकीचे निरोप टाकून देतात. शिवाय सगळे एकमेकांना दर सेकंदाला 'आहे' असं सांगत असतात. सलग पाच वेळा एखाद्याकडून आवाज आला नाही की बाकीचे त्याला गेला असं समजतात आणि त्याच्या वाटचं काम आपसात वाटून घेतात.

पण सगळ्यांना ऐकू जावं कसं? इथे कार्डाची करामत आहे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. आयपी पत्ता म्हणजे पाकिटावरचा पत्ता असेल, तर मॅक म्हणजे माणसाची जन्मखूण. ती जगात एकमेव असावी अशी अपेक्षा. लोड बॅलन्सिंगच्या नेहमीच्या पद्धतीत सगळ्या सर्व्हरांची कार्डं आपली खरी जन्मखूण लपवतात आणि एकच खोटी धारण करतात. ती ०२-बीएफ ने सुरू होते. त्यातल्या ०२ चा अर्थच असा, की हा क्रमांक कारखान्याचा नाही, घरी ठेवलेला आहे. आता स्विच नावाचा प्राणी कुठली खूण कुठल्या दाराशी आहे हे बघून लक्षात ठेवत असतो. एकच खूण चार दारांवर दिसली तर तो गोंधळेल. म्हणून बाहेर बोलताना प्रत्येक सर्व्हर आणखी एक वेगळी खूण लावून बोलतो. परिणामी ती सामायिक खूण स्विचला कधीच कुठे दिसत नाही, आणि ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही त्याच्यासाठीचा निरोप स्विच सगळ्या दारांवर टाकतो. झालं काम! सगळ्यांना ऐकू गेलं.

ही युक्ती मला अजूनही हुशारीची वाटते आणि थोडी भीतीचीही. कारण तिचा सगळा डोलारा स्विचच्या अज्ञानावर उभा आहे. आणि निरोप 'सगळ्या दारांवर' जातो म्हणजे खरंच सगळ्या. त्याच स्विचवर हिशेबनीसांचे संगणक असतील तर त्यांच्याही कार्डांवर वेबसाइटची सगळी गर्दी येऊन आदळते. म्हणून या सर्व्हरांना वेगळ्या स्विचवर किंवा वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवायचं असतं. दुसरी, मल्टिकास्टची पद्धत आहे. तिथे खूण ०३-बीएफ ने सुरू होते आणि खरी खूणही शाबूत राहते, पण काही राउटरांना एका माणसाच्या पत्त्यापुढे जमावाची खूण पटत नाही आणि त्यांच्या यादीत ती हाताने लिहावी लागते. शिवाय पहिल्या पद्धतीत सगळ्यांची खूण एकच झाल्यामुळे हे सर्व्हर त्या कार्डावरून एकमेकांशीच बोलू शकत नाहीत. म्हणून प्रत्येकात दुसरं कार्ड बसवायचं. एक कार्ड जगासाठी, एक घरच्यांसाठी. आणि 'बाहेर जायचा रस्ता', म्हणजे डिफॉल्ट गेटवे, दोन्हींपैकी एकाच कार्डावर लिहायचा.

हे शेवटचं वाक्य वाचून ब्लॉगवाले मित्र कंटाळले असतील, पण याच वाक्याने काय होऊ शकतं ते मी पाहिलं आहे. साधारण २००५-०६ ची गोष्ट. एका शिक्षणसंस्थेत (नाव विचारू नका, कमेंटमध्येही नको) प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन घ्यायला सुरुवात झाली होती. शेवटच्या दिवशी गर्दी होणार म्हणून संस्थेने दोनाचे चार सर्व्हर केले, तेही भरपूर पैसे मोजून. काम दुसऱ्याच कुणाला दिलेलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी मला फोन आला, की सर्व्हर वाढवल्यापासून साइट जास्तच बिघडली आहे. जाऊन बघितलं तर नव्या सर्व्हरांच्या दोन्ही कार्डांवर गेटवे लिहिलेला. विचारणा एका कार्डातून आत यायची आणि उत्तर कधी त्याच कार्डातून, तर कधी दुसऱ्यातून बाहेर पडायचं. दुसऱ्या रस्त्यावरच्या फायरवॉलला हे संभाषण कधी सुरू झालं हेच माहीत नसल्याने ती उत्तर फेकून द्यायची. चारही सर्व्हर स्वस्थ, प्रोसेसर जवळजवळ रिकामे, आणि बाहेर पोरं कोऱ्या पानाकडे बघत बसलेली.

एक ओळ पुसायला किती वेळ लागतो? दोन सर्व्हरांवर मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. पण त्याआधीचे चार तास कुणाचे होते याचा विचार मला पुढे बरेच दिवस छळत राहिला. घरी इंटरनेट असलेल्या शहरातल्या मुलाने रात्री पुन्हा प्रयत्न केला असेल. तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेल्या, शेवटची एसटी गाठायची असलेल्या मुलीने काय केलं असेल? संस्थेने मुदत एक दिवस वाढवली, हे खरं. पण ते तिला कळलं असेल का? भार समान वाटायचा म्हणजे काय, तर यंत्रांमध्ये समान. यंत्र चुकलं की त्याचा भार माणसांवर जो पडतो तो कधीच समान नसतो. या धंद्यात मला कळलेली एवढी एकच मोठी गोष्ट.

भार वाटण्याचा विषय निघालाच आहे तर पुण्याची एक जुनी गोष्ट आठवते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचं पाणी बांधीव नळातून, कुठेही पंप न वापरता, केवळ उतारावर शहरात आणलं गेलं. वाटेत उच्छ्वास बांधले, म्हणजे हवा मोकळी होईल आणि नळ साफ करायला उतरता येईल. शहरात ठिकठिकाणी हौद बांधले. काळा हौद, साततोटी हौद, फडके हौद ही नावं अजून पत्ते सांगताना वापरतात. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावाहून आणखी एक नळ आणला. आता लगेच 'हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच होतं' असा सूर मी लावणार नाही. नळ म्हणजे नेटवर्क नव्हे. पण एक साम्य मनात राहतं. पाणीपुरवठ्याचा इतिहास लिहिताना आपण तलाव बांधणाऱ्याचं नाव लिहितो. उच्छ्वासात उतरून गाळ काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं, आणि तो उतरला नाही तर भरलेल्या तलावाखाली हौद कोरडा राहतो. शिवाय पाणी हौदात आलं तरी त्या हौदावर कुणी घागर लावायची हे जात ठरवायची. वाटणीची यंत्रणा उत्तम असणं आणि वाटणी न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महात्मा फुल्यांनी १८६८ साली गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, तेव्हा नळ तोच होता आणि पाणीही तेच.

पुन्हा पॅरामनेटकडे येतो, कारण ती गोष्ट अर्धी राहिली.

पॅरामनेट-३ पर्यंत हे जाळं सेकंदाला दहा अब्ज बिटांपर्यंत पोचलं आणि २००८ च्या 'परम युवा'मध्ये वापरलं गेलं. पण तोवर बाजारात इन्फिनिबँड आलं होतं. मोठमोठ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेलं हे प्रमाण, २००० साली जाहीर झालेलं. त्याच्या कार्डांचं उत्पादन जगभरासाठी होतं, त्यामुळे किंमत उतरत गेली आणि वेग चढत गेला. पुण्यातच टाटांच्या सीआरएल या कंपनीने उभारलेला 'एका' नोव्हेंबर २००७ च्या यादीत जगात चौथा आला. शेकडो सर्व्हर जोडून केलेल्या यंत्राला 'एक' अर्थाचं नाव देणाऱ्याला मी मनातल्या मनात दाद देतो. पण त्याचं जाळं इन्फिनिबँडचं होतं. २०१३ च्या 'परम युवा-२' मध्येही इन्फिनिबँड आलं. तयार मिळतं तर स्वतः कशाला बनवा, हा प्रश्न सगळ्यांना पडला असणार, आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

माझ्या ओळखीतले बरेच हुशार लोक तेव्हा म्हणायचे की पॅरामनेट म्हणजे वाया गेलेले कष्ट. देशी कार्डाचा अट्टाहास, बाकी काही नाही. मला तेव्हाही हे पूर्ण पटत नव्हतं, पण उत्तर देता येत नव्हतं. आज थोडंफार देता येतं. २०२० साली एनव्हिडियाने मेलानॉक्स ही कंपनी सुमारे सात अब्ज डॉलर देऊन घेतली. मेलानॉक्स काय बनवायची, तर नेटवर्क कार्डं आणि स्विच. इन्फिनिबँडमध्ये तिच्या तोडीचं फारसं कुणी उरलं नव्हतं. आज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी हजारो प्रोसेसर एकत्र जोडतात, तिथे मधल्या जागेची किंमत प्रोसेसरइतकीच जाणवते. जी गोष्ट 'तयार मिळते तर कशाला बनवा' वाटत होती ती आता दोन-तीन कंपन्यांच्या हातात आहे, आणि क्रेच्या वेळचा तो जुना प्रश्न, की उद्या कुणी 'नाही' म्हटलं तर काय, पुन्हा दाराशी आला आहे.

सी-डॅकने पुन्हा स्वतःचं जाळं विकसित करायला घेतलं. नाव त्रिनेत्र. त्यातली शंभर गिगाबिटची आवृत्ती पुण्यातल्या 'परम रुद्र' यंत्रात बसवून तपासली गेली, आणि दोनशे गिगाबिटची पुढची आवृत्तीही आखण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये देशाला अर्पण केलेल्या तीन 'परम रुद्र' महासंगणकांपैकी एक पुणे जिल्ह्यातल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. पॅरामनेट घडवताना हात पोळून घेतलेल्या माणसांनी मागे ज्ञान ठेवलं नसतं, तर त्रिनेत्राची सुरुवात शून्यापासून करावी लागली असती. यंत्र जुनं होतं तसं भंगारात जातं. ते कसं केलं हे माहीत असलेली माणसं भंगारात निघत नाहीत, फक्त निवृत्त होतात, आणि त्याआधी त्यांनी दोन तरुणांना शेजारी बसवलं असेल तर गोष्ट पुढे जाते.

माझ्या धंद्याला हे जास्तच लागू आहे. हल्ली सगळं क्लाउडमध्ये. एक चौकट भरली की भार आपोआप वाटला जातो, मॅक पत्ता वगैरे बघायची वेळ नव्या मुलांवर येत नाही. चांगलंच आहे, मला त्या रात्रींची हौस नाही. पण आपोआप म्हणजे कुणीच करत नाही असं नव्हे. कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी शेडमध्ये कुणीतरी ते कार्ड, तो गेटवे, ती खोटी जन्मखूण अजूनही सांभाळतोच आहे. आपण त्याला ओळखत नाही इतकंच. आपल्याकडे हे काम येणारी माणसं किती उरली आहेत, हा प्रश्न वेगाच्या यादीतल्या क्रमांकापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या महासंगणकाची बातमी वाचलीत तर सेकंदाला किती आकडेमोडी हे जरूर बघा. मग एक ओळ खाली जाऊन त्यातली यंत्रं एकमेकांशी कशावरून बोलतात तेही बघा. बातमीत ते नसेल तर बातमीदाराला पत्र लिहून विचारा. पत्र पाठवून जाब विचारण्याची आपल्या पेठेला सवय आहेच.